नवजात बालकाची ऊब

(दहिसर येथे मातांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहिसरच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि पश्चिमेस खाडी. हिवाळ्यातील काही पहाटा सोडल्या, तर थंडी ही आपली तक्रार नव्हे. म्हणूनच ‘मुंबईत बाळाला कसली थंडी?’ असे सहज म्हटले जाते. परंतु ज्या खोलीत आपल्याला उकडते, त्याच खोलीत नुकते जन्मलेले मूल गारठू शकते.

गर्भाशयातील उष्णतामान आईच्या शरीराहून सुमारे अर्धा अंश अधिक असते. तेथून मूल ओलेचिंब बाहेर येते. अंगावरील पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. पंख्याचा वारा, गार चादर व जवळची थंड भिंत यांमुळे ती आणखी घटते. वजनाच्या मानाने बालकाची त्वचा मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट पसरलेली असते. आपल्याप्रमाणे कुडकुडून ऊब निर्माण करणे त्याला साधत नाही. मान, खांदे व मूत्रपिंडे यांच्याभोवतीची तपकिरी चरबी जाळूनच ते तग धरते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाजवळ हा साठाही तुटपुंजा असतो. चरबी जळताना प्राणवायू व साखर खर्ची पडते. मूल मलूल होते, दूध ओढेनासे होते आणि अधिकच गारठते. अशाने ते दगावूही शकते.

उपाय मात्र साधे आहेत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. ऊब राखणे हा त्याचा एक भाग होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले.

जन्मताच बाळाला कोरडे पुसावे, आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरूण घालावे, डोक्यास टोपरे बांधावे. पहिल्या तासातच अंगावर पाजावे. पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवावी. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला तर आईच्या त्वचेचा स्पर्श हेच औषध होय. घरातील कोणीही हाताच्या पाठीने बाळाचे पोट व तळपाय पाहावेत. तळपाय गार लागले, तर छातीशी घ्यावे. पोटही गार असेल, तर तसेच छातीशी धरून विनाविलंब रुग्णालय गाठावे.

बाळंतिणीच्या खोलीतील पंखा थोडा वेळ बंद राहिला, तर आपल्याला घाम येईल एवढेच. बाळाची मात्र ऊब राहील.