दुखावलेला पाय आणि मुलीचा खेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा. येथल्या सारिका काळे २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या. संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. त्यांचे कौतुक आपण सर्वांनी केले. पण खेळताना जिला इजा होते, त्या मुलीचे पुढे काय होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आज त्याविषयीच दोन शब्द सांगणार आहे.

मुलीचा गुडघा दुखावला की घरात निकाल लागतो, "पुरे झाला तुझा खेळ! पाय अधू झाला तर लग्न कसे व्हायचे?" खेळ त्याच दिवशी बंद होतो. घागर मात्र बंद होत नाही. पाण्याच्या खेपा, उकिडवे बसून भांडी घासणे, सारे त्याच पायावर चालू राहते. ज्या पायाला खेळ झेपत नाही, त्याला भरलेली घागर कशी झेपेल, याचा विचार आपण बायकांनीच करायला हवा.

खो-खोत पळता पळता एकदम थांबावे लागते, हुलकावणी द्यावी लागते, बसल्या जागेवरून उसळी घ्यावी लागते. अशा वेळी गुडघ्यातील हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध फाटू शकतो. आणि ही इजा मुलांपेक्षा मुलींना अधिक होते. काही तासांतच गुडघा सुजला, किंवा चालताना पाय दगा देऊ लागला, तर तो चोळू नये, ओढून 'बसवून' घेऊ नये. बर्फ कापडात गुंडाळून लावावा, पाय उशीवर उंच ठेवावा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

पुढची वाट पायऱ्यापायऱ्यांची आहे. आधी सूज उतरावी, गुडघा पुरता वाकावा आणि सरळ व्हावा. मग मांडीच्या स्नायूंना बळ द्यावे. ते लवकर झिजतात आणि सावकाश भरतात. पोहणे, सायकल आणि धावणे असा तिहेरी खेळ खेळणारे ट्रायथलॉनपटूही गुडघा दुखावल्यावर धावणे मागे ठेवतात. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, सायकलीवर पाय आपटत नाही. सरळ धावणे जमल्यावरच वळणे आणि उड्या. दुसऱ्या सकाळी सूज वाढली, तर एक पायरी खाली यावे. अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर सामन्याला निदान नऊ महिने थांबावे. घाईने तोच गुडघा पुन्हा जातो. नऊ महिने धीर धरणे आपल्याला कोणी शिकवायला नको!

शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे पाहा. घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ ची आशियाई स्पर्धा त्यांना हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. इजा म्हणजे शेवट नव्हे.

सारिकाताईंची कहाणी शरीराच्या इजेची नाही, परिस्थितीची आहे. जवळजवळ दहा वर्षे एकवेळच्या जेवणावर त्या खेळल्या. २०१६ साली घरच्या अडचणींनी खचून त्यांनी खेळ सोडायचे ठरवले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, म्हणून त्या मैदानावर परतल्या. परतायला कोणाचा तरी शब्द लागतो. प्रत्येक मुलीला असा प्रशिक्षक लाभेलच असे नाही; आई, आजी, शेजारीण मात्र असते.

म्हणून मंडळापुढे एवढीच विनंती ठेवते. आपल्या आळीत एखादी मुलगी दुखावली, तर दोघींनी तिच्या घरी जावे. तिच्या वाट्याची घागर काही दिवस कोण उचलील ते ठरवावे. ताटात डाळ, शेंगदाणे, अंडे पडते की नाही ते पाहावे. आणि "खेळ सोड" म्हणण्याऐवजी "बरी हो, मग खेळ" असे म्हणावे.