डोंगराची उंची कीटकाच्या मापाने
(हीरक महोत्सवी वर्षात चेन्नई येथील मराठी भाषकांच्या सभेत मुख्याध्यापिकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात आपण मला येथे बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल शाळेच्या वतीने मी आपली ऋणी आहे. मी भाषा शिकवते. तरीही आज डोंगरांवरील कीटकांविषयी बोलणार आहे. या विषयाकडे मला एका शब्दाने नेले. प्राचीन तमिळ काव्यपरंपरेने भूमीचे पाच प्रकार मानले आणि डोंगराळ भूमीला ‘कुरिंजी’ हे नाव दिले. ते मुळात एका झुडपाचे नाव. नीलगिरीवरील निळी कुरिंजी १२ वर्षांतून एकदा फुलते. २०१८ साली ती फुलली होती. आपल्या सह्याद्रीवरची कारवी तिच्याच प्रजातीतली. ती ७ वर्षांनी बहरते. फुलोऱ्याचे ते वर्ष मधमाश्यांच्या सुगीचे असते. आपण फुले पाहून परततो. पण फुलांचे बीज धरते ते कीटकांच्या येण्याजाण्यामुळे.

हे कीटक डोंगरावर कसे राहतात? त्यांच्या शरीराचे तापमान बव्हंशी भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. उंची वाढली की दर १,००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. समुद्रकाठच्या या चेन्नईहून २,६३७ मीटर उंचीच्या दोड्डबेट्टाला गेलो, तर सुमारे १७ अंशांचा फरक पडतो. आपण शाल पांघरतो. कीटकाजवळ शाल नाही. त्याच्या दृष्टीने ते वेगळे राज्यच असते.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ डॅनियल जान्झेन यांनी १९६७ साली एक विलक्षण विचार मांडला. उष्ण कटिबंधातील डोंगरखिंडी तेथील जीवांना अधिक ‘उंच’ असतात, असे त्यांचे म्हणणे. समशीतोष्ण प्रदेशात पायथ्याशी कडक हिवाळाही असतो आणि उन्हाळाही. तेथील कीटकाने दोन्ही सोसलेले असतात. म्हणून उन्हाळ्यात खिंडीत लागणारा गारवा त्याच्या ओळखीचा असतो. उष्ण कटिबंधात पायथा बारमाही उबदार आणि माथा बारमाही थंड. पायथ्याच्या कीटकाला माथ्याची थंडी जन्मात कधी भेटलेली नसते. डोंगर तेवढाच, पण ओलांडणे अधिक अवघड.

हिमालयाचे उदाहरण घेऊ. आग्र्याच्या सेंट जॉन्स महाविद्यालयातून प्रा. एम. एस. मणी यांनी हिमालयातील कीटकांचा ध्यास घेतला आणि १९६८ साली अत्युच्च प्रदेशातील कीटकांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. तेथील अनेक कीटकांचे रंग गडद असतात, कारण गडद रंग ऊन लवकर शोषतो. कित्येकांचे पंख आखूड झालेले किंवा नाहीसेच झालेले असतात. हिवाळ्यात बर्फाचा थर त्यांना दुलईसारखा जपतो. मैदानातून वाऱ्याबरोबर वर आलेले कीटक बर्फावर गारठून पडतात आणि तेथील कीटकांचे अन्न होतात. हे सारे सोसण्याचे, तग धरण्याचे शास्त्र आहे.

दक्षिणेकडील डोंगरांत चित्र पालटते. येथे सोसण्यापेक्षा नेमकी जागा शोधण्याकडे कल दिसतो. पायथ्याचे कीटक निराळे, मधल्या जंगलाचे निराळे, माथ्यावरच्या शोला वनांचे आणि गवताळ कुरणांचे निराळे. एकेका जातीचा पट्टा अरुंद. म्हणूनच एका डोंगरावर इतक्या जाती सामावतात. नीलगिरी टायगर आणि पलनी फ्रिटिलरी ही फुलपाखरे दक्षिणेतील उंच डोंगरांखेरीज कोठेही आढळत नाहीत. नीलगिरी क्लाउडेड यलो या पिवळ्या फुलपाखराचे जवळचे भाऊबंद थेट हिमालयाकडे आहेत. माथ्यावरील अशा जीवांना पालघाटची सखल खिंड ओलांडणेही कठीण. माणसाला जी वाट, तीच त्यांना भिंत.

या समृद्धीतच तिचा धोका दडलेला आहे. बोर्निओ बेटावरील किनाबालू पर्वतावर १९६५ साली अभ्यासकांनी कोणता पतंग किती उंचीवर सापडला, याची नोंद केली होती. २००७ साली त्याच जागी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा पतंग सरासरी ६७ मीटर वर सरकल्याचे आढळले. हवा तापते तसे कीटक गारव्याच्या शोधात वर चढतात. किनाबालू ४,००० मीटरहून उंच आहे. दोड्डबेट्टा नाही, आपले १,६४६ मीटरचे कळसूबाई तर नाहीच. जो आधीच माथ्यावर राहतो, त्याने कोठे जावे? त्यातच नीलगिरीच्या कुरणांवर १९ व्या शतकापासून ऑस्ट्रेलियातून आणलेली वॅटल व निलगिरीची झाडे लावली गेली. दुरून हिरवे दिसणारे ते रान कुरणातल्या फुलपाखराच्या उपयोगाचे नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत मूळचे रान सलग राहिले, तरच वर चढणाऱ्या जीवाला वाट मिळेल.

आपण सागरकिनाऱ्यावर राहता. या डोंगरांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. ब्लू टायगर, कॉमन क्रो यांसारख्या फुलपाखरांचे थवे पावसाळ्याच्या तोंडाशी पश्चिम घाटातून पूर्वेकडे येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत फिरतात. दोन्ही घाटांमधला मुलूख त्यांच्या वाटेवरचा आहे. महाराष्ट्राने २०१५ साली राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. तमिळनाडूने २०१९ साली ‘तमिळ मरवन’ला दिला. मुलांना दोन्ही नावे ठाऊक असावीत.

किनाबालूवरील बदल कळला, तो १९६५ साली कोणीतरी नेटकेपणाने लिहून ठेवले म्हणून. शाळेचे कामही हेच असते. साठ वर्षे आम्ही हजेरीपट राखले. त्यात मुलांची नावे आहेत, अंगणातल्या पाहुण्यांची नाहीत. यंदापासून आमच्या शाळेत एक निराळी वही सुरू होत आहे. तारीख, ठिकाण, उंची आणि कीटकाचे नाव असे तिचे चार रकाने आहेत. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढायचे. आपणही येथे अशी वही ठेवावी, आपल्या तमिळ शेजाऱ्यांच्या मुलांना सोबत घ्यावे आणि वर्षाअखेरीस तिची प्रत आम्हांला धाडावी. एका वर्षाच्या नोंदींतून फारसे काही कळणार नाही. चाळीस वर्षांच्या नोंदींतून कळेल. शाळा शतकाकडे वाटचाल करील, तेव्हा त्या वह्या उघडणाऱ्या मुलांना आपले डोंगर कसे होते आणि कसे बदलले, हे पुराव्यानिशी सांगता यावे, एवढीच माझी विनंती.