होडी वर कोण ओढणार?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय ‘निवृत्तीनंतरचा छंद’ असा छापलाय. संयोजकांनी तो जरा सभ्य करून घेतलाय. मी बोलणार आहे होडीवर, तीही मासे मारायच्या. 32 वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सात मालवणात. निवृत्त झालो तेव्हा हातात ग्रॅच्युइटी होती आणि डोक्यात होडी. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी असणं धोक्याचं.

पहिली होडी घेतली ती 24 फुटी, लाकडी, जुनी. नाळ अशी देखणी, की किंमत विचारायच्या आधीच मी मनातून ती घेऊन टाकली होती. देवबागच्या एका तांडेलाला दाखवायला नेलं. त्यानं फळ्या बोटांनी वाजवल्या, तळाखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “काका, होडी घेऊक काय, कोणय घेता. ती वर कोण वढतलो, ता आदी सांगा.”

मी म्हटलं, माणसं लावू. तो नुसता हसला. का हसला ते कळायला मला एक हंगाम लागला. किनाऱ्यावर होडी ओढायला मजुरी नसते, परतफेड असते. आज सहा जण तुमच्या होडीला खांदा लावतात, उद्या पहाटे तुम्ही त्यांच्या होडीला लावायचा. माझ्या कमरेचे दोन मणके डॉक्टरांच्या ताब्यात. चार दिवस लोकांनी वय बघून सोडून दिलं. पाचव्या दिवशी मलाच लाज वाटायला लागली. शिवाय लाकडी होडी दर वर्षी खरवडून घ्या, सांध्यांत कापूस भरा, तेल पाजा. हे जाणणारा सुतार गावात एकच, आणि तो होड्या सोडून हॉटेलांच्या खाटा करण्यात गुंतलेला. वर्षभरात होडी विकली. तोट्यात विकली, हे आमच्या घरात अजून अधूनमधून निघतं.

आताची होडी 16 फुटी, फायबरची. दिसायला अगदी सामान्य. पण पोटाला रुंद आणि तळाला चपटी, त्यामुळे गळाला मासा लागला म्हणून मी एका बाजूला झुकलो तरी ती घाबरत नाही. ओंडक्यांवरून दोन माणसांत सरकते. मशीन आठ अश्वशक्तीचं, वजन तीस किलोच्या आत. ते काढून घराच्या पडवीत न्यायचं, गोड्या पाण्यात पाच मिनिटं चालवायचं. हा नेम चुकला की मीठ आतल्या आत आपलं काम करतं. दुकानदार वीसचं मशीन गळ्यात मारायला बघत होता. मी विचारलं, तुम्ही उचलून दाखवता का?

ज्यांना परवडतं त्यांना वाटतं, जितकी मोठी होडी तितकी सुरक्षित. तांडेलाच्या हाताखाली चार खलाशी असले तर तसं असेलही. साठीच्या माणसानं मात्र होडीचं माप आपल्या पाठीवरून घ्यावं. खिशावरून घेऊ नये.

आता सामान. इथं जरा रेंगाळतो, कारण ह्यावर कुणी बोलत नाही. लाइफ जॅकेट सगळे सांगतात. घ्या, आणि अंगात घाला, बुडाखाली घेऊन बसू नका. पण मला सांगा, पाण्यात पडलात तर परत होडीत चढणार कसे? मलाही हा प्रश्न सुचला नव्हता. बायकोनं विचारला. म्हणून एका सकाळी कर्लीच्या खाडीत, गळाभर पाण्यात, होडी उभी करून बघितलं. काठाला दोन्ही हातांनी धरलं आणि उसळी मारली. कोपर काठावर आलं, पोट आलं नाही. दुसऱ्यांदा पाय होडीच्या तळाखाली गेले आणि मी उताणा. तिसऱ्यांदा होडीच माझ्यावर कलायला लागली. किनाऱ्यावरून बायको बघत होती. आधी हसत होती, मग हसायची थांबली. त्याच दिवशी बाजारातून जाड दोर आणला, त्याला पायऱ्यांसारखे दोन फास केले. ते मागच्या फळीला बांधलेत, खालचा गुडघ्याएवढ्या खोलीला पाण्यात राहतो. सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत, आणि होडीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच.

तसंच मशीन बंद करणारी लाल दोरी. ती मनगटाला अडकवायची. माणूस पडला की मशीन बंद. नाहीतर होडी तुम्हाला सोडून गोल गोल फिरत राहते. बसायला जरा उंच फळी, गुडघ्यांसाठी. मोबाइल बरणीत, बरणी दोरीनं बांधलेली, आणि मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर आधीच टाकलेला. दुपारच्या गोळ्या. आणि एक बादली. ती कशाला, हे ह्या सभागृहातल्या अर्ध्या लोकांना सांगायला नको.

नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट हवा. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण माझ्याकडे होता दहा वाव. तो एके दिवशी कसा कमी पडला ते सांगतो. आपल्या पिढीला पाऊणकी पाठ असते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. त्या दिवशी द्वादशी होती. बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊला भरती संपणार. मी ऐटीत सहाला बाहेर पडलो आणि बांगड्याच्या नादात बारा वाजवले. तोवर ओहोटी भर जोरात आणि समोरून खारा वारा उठलेला. खाडीचं पाणी बाहेर येतंय, समुद्राची लाट आत येतेय. अशा वेळी मुखाशी पाणी उभं राहतं. नेमकं तिथंच मशीन खोकलं आणि गप्प झालं.

खोली तीन वाव. दहा वाव दोरावर नांगर दोनदा घसरला, तिसऱ्या खेपेला वाळूत बसला. वीसेक मिनिटं मी सगळ्या देवांना नारळ कबूल करत होतो. मग एक होडी जवळ आली, त्यातल्या पोरानं दोर फेकला. मला आत ओढून आणल्यावर त्यानं माझ्या टाकीच्या झाकणावरची चकती फिरवली. “काका, टाकीची हवा सोडूक नाय काय?” पेट्रोलचा वास येतो म्हणून मासे मारताना ती मीच बंद केली होती. हवा आत जात नाही, मग पेट्रोल बाहेर येत नाही. आता दोर वीस वाव आहे आणि वल्ही दोन.

पुलंनी ‘एका कोळियाने’ मराठीत आणल्यापासून म्हातारा आणि होडी म्हटलं की आपल्याला एकट्याची झुंजच आठवते. तो म्हातारा 84 दिवस रिकाम्या हातानं परतला होता, त्याचं पोट मासेमारीवर होतं. माझी पेन्शन वेळेवर जमा होते. म्हणून मी गळच टाकतो, जाळं नाही. रापण ओढणाऱ्यांच्या वाटेत जात नाही, आणि तांबोशी मिळाली तरी ती लिलावात नेत नाही. किनारा त्यांचा, आपण पाहुणे. गळाचं सामान सांगत नाही, ते दुकानातलं पोरगंही सांगेल. कागद मात्र सांगतो. मशीनची होडी म्हणजे नोंदणी आणि परवाना आला, 1981 चा कायदा आहे. पैसे द्यायच्या आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत जाऊन विचारून या. मी नंतर गेलो होतो.

1 जून ते 31 जुलै मशीनच्या होड्यांना बंदी. वल्ह्यांच्या होड्यांना ती नाही, पण आपल्यासारख्यांनी त्या पावसात वल्हं मारायला जाऊ नये. तेव्हा येत्या 31 मेला माझी होडी माडांच्या बागेत चढवून पालथी घालायची आहे, वर झापांची शाकारणी. एरवी दोघं पुरतात, पण बागेपर्यंत चढ आहे, चार लागतात. तीन झालेत. ज्यांची कंबर धड आहे त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावं.