मधला निरोप्या

'तुझ्या बाबांना सांग, जेवायला वाढलंय.' 'तुझ्या आईला म्हणावं, मला भूक नाही.' ही वाक्यं आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहेत. आईबाबा एकाच खोलीत, चार हातांवर बसलेले असतात. मधे एक मूल उभं असतं आणि निरोप इकडून तिकडे नेत असतं. आमच्या दखनी बोलणाऱ्या घरांत 'बोल तेरे अब्बा कू' म्हणतात, एवढाच फरक.

मी कविता लिहिणारा माणूस. मानसशास्त्र बी.ए.ला एका पेपरापुरतं वाचलेलं. पण घरातलं बोलणं कुठे अडतं, याचं मला पहिल्यापासून कुतूहल आहे. या मधल्या मुलाच्या जागेला शास्त्रात नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन त्याला 'त्रिकोण' म्हणत. दोघांमधला ताण दोघांना सोसेना झाला की ती तिसऱ्याला मधे ओढतात. १९५० च्या दशकात बोवेन, नेथन अ‍ॅकरमन, व्हर्जिनिया सटीर या मंडळींनी रोग्याला एकट्याला तपासायचं सोडून अख्खं घर समोर बसवायला सुरुवात केली. हीच फॅमिली थेरपी. मराठीत कुटुंबोपचार म्हणतात, पण तो शब्द अजून कुणाच्या तोंडी बसलेला नाही.

हे सगळं परदेशी, असं मात्र समजू नका. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रोग्यांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं होतं. कर्मचारी अपुरे होते, हे त्याचं एक कारण. पण घरची माणसं जवळ असली की रोगी लवकर सुधारतो आणि घरही त्याला परत घेतं, असं तिथे दिसून आलं.

आता माझ्या धाकट्या बहिणीच्या घरची गोष्ट सांगतो, तिला विचारून. २०१७ साल. सोलापुरात मेहुण्यांचे यंत्रमाग होते, ते विकावे लागले. त्याआधी त्यांनी बहिणीचे दागिने गहाण ठेवून स्वतःच्या भावाला पैसे दिले होते, तिला न विचारता. तेव्हापासून नवरा-बायकोत बोलणं बंद. निरोपाचं काम अकरावीतल्या मोठ्या मुलाकडे आलं. वर्षभराने त्याचं पोट दुखायला लागलं, तेही बरोबर रात्री दोन-अडीचला. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणी झाली, दर्ग्यावरचा तावीजही झाला. काही सापडेना. शेवटी एका डॉक्टरांनी मानसोपचार विभागातल्या समाजसेविका बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, घरात जेवायला जेवढे असतात, तेवढे सगळे या. मेहुणे म्हणाले, "पोट त्याचं दुखतंय. मी तिथं येऊन काय करू?"

दुसऱ्या बैठकीला ते आले. कसे आले ते पुढे सांगतो. मामू म्हणून मीही होतो. बाईंनी मुलाला काही विचारलंच नाही. नऊ वर्षांच्या धाकटीला विचारलं, "भैयाचं पोट दुखायला लागलं की घरात कोण काय करतं?"

"अम्मी ओवा आणते. मग अब्बांना उठवते. मग ती दोघं बोलतात."

"आणि एरवी?"

"एरवी भैया सांगतो."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मेहुणे आपल्या चपलांकडे बघत राहिले.

दोघांमधलं तिसऱ्याला विचारायचं, ही पद्धत इटलीतल्या मिलान शहरातल्या चिकित्सकांनी रुजवली, असं मी नंतर वाचलं. बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. पोरगा सोंग करत नाही, त्याचं पोट खरंच दुखतं. पण त्या दुखण्याला घरात एक काम मिळालंय.

नवरा-बायकोत बिनसलं तर दोन्हीकडचा एकेक जाणता मध्यस्थ नेमावा, असं कुरआनात सांगितलेलं आहे. गावोगावी भावकीतली वडीलधारी माणसं हेच करत आली. आमच्याकडेही अशा दोन बैठका आधी झाल्या होत्या. दोन्ही वेळा निवाडा झाला आणि दोन्ही वेळा तो आठ दिवस टिकला. बाईंनी निवाडा दिलाच नाही. माझी बहीण तर चिडली होती. "दागिने कुणी ठेवले ते इतकं सांगितलं, तरी ती बाई त्यांना एक शब्द बोलली नाही!" तिचा राग खोटा नव्हता. दागिन्यांचा हिशेब व्हायलाच हवा होता. बाईंनी त्यासाठी रविवार ठरवून दिला, वही-पेन घेऊन, मुलं बाहेर असताना. इतर दिवशी तो विषय काढायचा नाही. आणि मुलाला एकच काम दिलं : निरोप आला की म्हणायचं, "तुम्हीच सांगा."

हे काम सगळ्यांत अवघड होतं. पहिल्यांदा तो तसं म्हणाला, त्या रात्री दोघंही न जेवता झोपली. चौथ्या दिवशी मेहुणे थेट बहिणीला म्हणाले, "मीठ दे."

चार महिन्यांत सहा बैठका झाल्या. दादी एकदाच आल्या. परक्या बाईपुढे घरची धुणी धुवायची नाहीत, म्हणाल्या. त्यांच्याशिवाय काम चाललं. मुलाचं दुखणं पुष्कळ कमी झालं, परीक्षेच्या आधी अजून उठायचं. दागिने २०२१ मध्ये सुटले. दोघं आजही भांडतात, पण एकमेकांशी.

सगळ्याच घरांना हे औषध चालत नाही. जिथे मारहाण आहे, तिथे बाईला नवऱ्याशेजारी बसवून 'मोकळेपणाने बोला' म्हणणं धोक्याचं. बोलल्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. तिच्याशी आधी एकटीशी बोलायला हवं. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात गोळ्या थांबवून बैठका घेणंही चूक. मात्र लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की ज्या घरात रोग्याला सतत टोचून बोललं जातं, तिथे आजार जास्त उलटतो. म्हणून गोळ्यांबरोबर घरालाही शिकवावं लागतं.

कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतात, पण तिथे माणूस पोचतो तो कागद दाखल झाल्यावर. त्याआधी जायचं तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करावी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवाही आहे, क्रमांक १४४१६, मोफत आणि मराठीतही. कुठेही गेलात तरी एक प्रश्न आधी विचारा : तुम्ही घरातल्या सगळ्यांना एकत्र भेटाल का? पुष्कळ जण एकट्यालाच भेटतात.

आणि घरातला एखादा यायला तयार नसेल, तर जे तयार आहेत त्यांनी जावं. मेहुणे पहिल्या बैठकीला आले नाहीत, तेव्हा बाईंनी त्यांना स्वतः फोन केला. रागावल्या नाहीत की समजूतही घातली नाही. म्हणाल्या, "आज सगळ्यांचं ऐकलं. तुमची बाजू सांगायला मात्र कुणी नव्हतं." पुढच्या मंगळवारी मेहुणे अर्धा तास आधीच येऊन बसले होते.