घरातले शब्द



"मिहान" हा शब्द कोणत्याही जुन्या कोशात सापडावयाचा नाही. एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून तो घडविला गेला. खापरी, तेल्हारा, कलकुही या गावांच्या जमिनी त्यात गेल्या आणि शब्द नागपूरकरांच्या तोंडी बसला. त्याच्यामागे सरकार होते. घरात घडलेल्या शब्दांमागे कोण असते?

मुली "च"ची भाषा बोलत. "साखर" म्हणजे "चाखरस". तिला नियम आहे, म्हणून ती टिकली. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत गुप्त ठेवले. पोथ्या शिल्लक होत्या, म्हणून इतिहासाचार्य राजवाड्यांना तिचा उलगडा करता आला. घरच्या शब्दाला ना नियम, ना पोथी. त्याची किल्ली माणसांजवळच असते.

आमच्या आजीकडे पाहुण्यांदेखत कोणी "गाय माहेरी गेली" म्हटले, की दूध संपले असे समजावयाचे. परवा मी ते वाक्य घरी उच्चारले. कोणालाच कळले नाही. ते जाणणारा आता मी एकटा उरलो आहे.

गाव उठते, तेव्हा घराचा, विहिरीचा, झाडांचा मोबदला ठरतो. या शब्दांची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. ती आपणच करावयाची. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना असा एक तरी शब्द विचारा आणि लिहून ठेवा.