नाव वरचं, खूण अंगची

 

आज आम्ही एका जुन्या वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे कॅमेरा. मोबाईलमधला नव्हे, रोल घालायचा तो. तुम्ही म्हणाल, बियाणं, कर्ज, रेशन सोडून आज हे काय काढलं? थोडं ऐका. जुनी वस्तू ओळखायची कशी, आणि नाव बघून फसायचं नाही ते कसं, हे या कॅमेऱ्यांवरून फार चांगलं कळतं. आणि ते आपल्या रोजच्या कामाचं आहे.

आपल्या घरातली जुनी भांडी आठवा. हंड्याच्या काठावर, परातीच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. कुणाच्या लग्नात, कुणी दिलं, तारीख काय. घरातली म्हातारी माणसं परात फिरवून बघतात आणि सांगतात, ही आत्याकडची, ही वाटणीत आली, ही नंतर मोड देऊन घेतलेली. दिसायला साऱ्या पराती सारख्याच, पण खुणा वाचता येणाऱ्याला प्रत्येकीची गोष्ट वेगळी. जुने कॅमेरे जमवणारे लोक जगभर हेच करतात.

आधी हा कॅमेरा काम कसा करतो ते बघू. एक बोट डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरा. डावा डोळा मिटा, मग उजवा मिटा. बोट जागचं हललेलं दिसतं ना? आता दूरच्या झाडाकडे बघून तसंच करा. झाड फारसं हलत नाही. म्हणजे वस्तू जितकी जवळ, तितका दोन डोळ्यांच्या बघण्यात फरक जास्त. रेंजफाइंडर कॅमेऱ्याला असेच जणू दोन डोळे असतात, पुढच्या अंगाला दोन लहान खिडक्या. मागून डोळा लावला की मधोमध वस्तू दुहेरी दिसते. लेन्स फिरवत गेलं की दोन प्रतिमा जवळ येतात, आणि एकीवर एक बसली की फोटो स्पष्ट येणार. इतकं साधं आणि इतकं हुशारीचं.

या घराण्यातला सगळ्यात गाजलेला कॅमेरा म्हणजे जर्मनीच्या वेट्झलार गावचा लायका. ऑस्कर बार्नाक नावाच्या कारागिराने तो घडवला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे आला, आणि १९३२ साली लायका दोनमध्ये अंतर जुळवण्याची ही सोय आतच बसवली गेली. कॅमेरा हातात मावणारा, खिशात जाणारा, पण महाग. साहजिकच इतरांनी त्याची नक्कल करायला घेतली. त्यातली सगळ्यात मोठी नक्कल झाली युक्रेनमधल्या खारकिव्ह शहरात, आणि ती कुणी केली हे ऐकण्यासारखं आहे.

पहिलं महायुद्ध, मग क्रांती, मग यादवी, मग दुष्काळ. सोव्हिएत देशात लाखो मुलं रस्त्यावर आली होती. अशा अनाथ, भटक्या मुलामुलींसाठी १९२७ च्या अखेरीस खारकिव्हला एक श्रमकम्यून उघडलं. म्हणजे एकत्र राहायचं, शिकायचं आणि कामही करायचं. अंतोन माकारेंको नावाचे शिक्षक ते चालवत. मुलं काही तास शाळेत, काही तास कारखान्यात. आधी त्यांनी विजेवर चालणारी भोकं पाडायची यंत्रं केली, आणि १९३२ मध्ये लायका उघडून, बघून, तसा कॅमेरा बनवायला घेतला. सोबत मोठे कारागीर आणि इंजिनिअर होतेच. १९३४ पासून हे कॅमेरे मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. नाव ठेवलं फेड. फेलिक्स एडमुंडोविच जेर्झिन्स्की या नावाची ती तीन आद्याक्षरं. हा जेर्झिन्स्की म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक, आणि कम्यूनही त्याच्याच नावाचं.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हे कॅमेरे बनायला लागले तेव्हा, १९३२ आणि ३३ साली, त्याच युक्रेनच्या खेड्यांत भयंकर उपासमार चालू होती. सरकारने शेतकऱ्यांच्या घरातलं धान्य काढून नेलं होतं. लाखो माणसं भुकेने मेली. गावातली माणसं अन्नासाठी खारकिव्हच्या रस्त्यांवर येऊन पडत होती. आणि त्याच शहरात आधी रस्त्यावर वाढलेली मुलं काट्याच्या टोकाएवढे स्क्रू बसवायला शिकत होती. त्यांना छप्पर मिळालं, हुन्नर मिळाला, हे खरं. आणि ज्या पोलीस खात्याच्या आश्रयाने ते मिळालं, त्याच खात्याची लोकांना दहशत होती, हेही खरं. दोन्ही खऱ्या गोष्टी एकाच कॅमेऱ्याच्या अंगावर कोरलेल्या आहेत.

कशा कोरलेल्या आहेत ते ऐका. कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या पत्र्यावर रशियन अक्षरं असतात. पहिलं अक्षर, आपल्या ‘क’ची वरची रेघ पुसून टाकली तर उरेल तसं, मधे उभी काठी आणि दोन्हीकडे पोट. दुसरं, इंग्रजी ई उलट्या तोंडाची. तिसरं, दोन बुटक्या पायांवर उभ्या घरासारखं. हे झालं फेड. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर याखाली ‘श्रमकम्यून’ आणि ‘खारकिव्ह’ हे शब्द आहेत. पुढे गुप्त पोलीस खात्याचं नाव त्यात आलं. त्यानंतर ‘श्रमकम्यून’ शब्द गेला आणि त्याजागी ‘कारखाना-समूह’ अशा अर्थाचा शब्द आला, कारण मुलांचं कम्यून संपून तिथे नुसता कारखाना उरला. १९४१ मध्ये जर्मन सैन्य आलं, काम थांबलं, यंत्रं पूर्वेकडे दूर हलवली गेली. तोवर दीड लाखाहून जास्त कॅमेरे झाले होते. युद्धानंतर काम परत सुरू झालं, आणि होता होता माथ्यावर नुसती तीन अक्षरं राहिली.

म्हणजे बघा, परातीच्या कडेसारखंच झालं. यंत्र तेच, पण माथा वाचला की त्या शहराची पंधरा-वीस वर्षं कळतात.

युद्धाने कारखाना मोडला म्हणून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क इथल्या कारखान्यालाही हाच कॅमेरा करायला सांगितलं. १९४८ च्या सुमाराच्या काही कॅमेऱ्यांवर ‘फेड’ आणि ‘झोर्की’ अशी दोन्ही नावं आहेत. माहेरचं आणि सासरचं नाव एकत्र लावावं तसं. मग माहेरचं नाव गळालं आणि नुसतं झोर्की उरलं. झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. जोडनावाचे कॅमेरे थोडेच झाले, म्हणून जमवणारे त्यांच्या मागे असतात.

आता ओळखायचं कसं, ते क्रमाने सांगतो. वहीत टिपून घ्या, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली खूण, रोल कुठून घालायचा. फेड एक आणि पहिला झोर्की यांचं फक्त बूड उघडतं. १९५५ साली आलेल्या फेड दोनची सगळी पाठ निघते.

दुसरी खूण, मागची डोळा लावायची जागा. फेड एकला दोन भोकं, एक अंतर जुळवायला, एक चौकट बघायला. फेड दोनला दोन्हींसाठी एकच.

तिसरी खूण, नंतर आलेल्या सोयी. अगदी पहिल्या फेड दोनला फ्लॅशची वायर लावायची जागा नाही, आणि आपोआप फोटो निघण्याची चावीही नाही. पुढच्या वर्षांत दोन्ही आल्या. झोर्की चारला रोल पुढे न्यायची गोल फिरकी आहे, १९७० नंतरच्या झोर्की चार-केला त्याजागी दांडी.

चौथी खूण, नंबर. कीव्ह नावाचा आणखी एक कॅमेरा आहे. युद्धानंतर जर्मनीतून भरपाई म्हणून आणलेल्या यंत्रांवर, कॉन्टॅक्स या कॅमेऱ्यावरून, तो युक्रेनमध्ये बनला. त्याच्या बहुतेक नंबरांचे पहिले दोन आकडे म्हणजे बनल्याचं साल. ५८ ने सुरू होतो, तर १९५८ चा. फेडला मात्र हा नियम लावायचा नाही. एका घरची रीत दुसऱ्या घरी चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कधीही एका खुणेवर विसंबू नका. खुणा एकमेकींशी जुळतात का ते बघा. माथ्यावर १९३४ ची अक्षरं आहेत आणि अंगावर फ्लॅशच्या वायरचं भोक आहे, तर ते भोक नंतर कुणी पाडलंय, किंवा माथा एकाचा आणि धड दुसऱ्याचं आहे. जुन्या वस्तूंत अशी जोडाजोड फार चालते.

आता फसवणुकीचं बघू. २०२२ साली वेट्झलारच्या लिलावात बार्नाक यांचा स्वतःचा, अगदी सुरुवातीचा लायका १ कोटी ४४ लाख युरोला गेला. आपल्या पैशात शंभर कोटींच्या वर. असे भाव असले की लबाडी आलीच. फेड आणि झोर्की हे लायकाचीच नक्कल, शिवाय स्वस्त आणि भरपूर. मग सोव्हिएत राज्य मावळलं त्या सुमारापासून पुष्कळ फेड-झोर्कींच्या माथ्यावरची अक्षरं घासून काढली गेली आणि त्याजागी लायकाचं नाव कोरलं गेलं. कुणावर जर्मन सैन्याची गरुडाची खूण, कुणाला सोनेरी मुलामा, कुणाला लाकडी अंग. जितका झगमगाट जास्त, तितकी शंका जास्त घ्यावी.

हा खोटेपणा पकडायचा कसा? लेन्स फिरवून काढा आणि तोंडातून आत, वरच्या बाजूला बघा. लेन्सला टेकणारा एक लहान भाग दिसेल. खऱ्या लायकात तिथे फिरणारं गोल चाक असतं. फेड आणि झोर्कीत चाक नसतं, जिभेसारखी धातूची पट्टी असते. वरचं नाव बदलणारा सहसा इतक्या आत जात नाही. पैठणी घेताना आपण पदर उलटा करून मागची बाजू बघतोच ना, तसंच हे.

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, आणि आता मोबाईलवरही असे सौदे होतात. घेणारा असो वा विकणारी, बघायची रीत एकच.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, फोटोग्राफर असलेल्या काकांच्या किंवा सासऱ्यांच्या पेटीत, असा जुना कॅमेरा असेल. कुठल्याही कंपनीचा असो, चार गोष्टी पाळा. चिंच-मीठ, राख, घासणी त्याला लावू नका. अक्षरं पुसट झाली की ओळख गेली. चामड्याच्या पाकिटात कोंडून ठेवू नका. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि लेन्सवर बुरशीची जाळी चढते. कोरड्या, वारा लागणाऱ्या जागी ठेवा. झोर्कीसारख्या कॅमेऱ्यात आधी फिरकी पूर्ण फिरवून घ्यायची, मगच वेगाचा आकडा बदलायचा, नाहीतर आतलं यंत्र बिघडू शकतं. आणि युद्धाआधीच्या फेडची लेन्स त्याच कॅमेऱ्याला जुळवून बसवलेली असे. ती दुसऱ्यावर चढवली तर फोटो स्पष्ट येईलच असं नाही, म्हणून जोडी फोडू नका.

एक मात्र स्पष्ट सांगतो, म्हणजे कुणी आशेवर राहणार नाही. साधा फेड किंवा झोर्की सापडला म्हणून कुणी श्रीमंत होत नाही. झोर्की चार तर सतरा लाखांच्या आसपास बनले. पण किलोच्या भावाने भंगारात द्यायची ही वस्तू नव्हे. भंगारवाला वजन करतो, खुणा वाचत नाही. त्या आपल्याला वाचता यायला हव्यात.

म्हणून गटांना आमची एक सूचना आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणा. कॅमेरा असेल तर कॅमेरा, नसेल तर अडकित्ता, कुलूप, पानाचा डबा, घड्याळ, काहीही. तिच्यावर काय कोरलंय, कुठे झिजलीय, कुठला भाग नंतर बसवलाय, घरात कुणाकडून आली, हे विचारून वहीत लिहा. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना आजच विचारा. वस्तू मागे राहतात, पण सांगणारी माणसं राहत नाहीत. खारकिव्हच्या त्या मुलामुलींनी हजारो कॅमेरे घडवले, पण एकाही कॅमेऱ्यावर त्यांच्यातल्या कुणाचं नाव नाही. नाव कोरलं गेलं ते पोलीसप्रमुखाचं. आपल्या घरातल्या वस्तू ज्यांनी वापरल्या, सांभाळल्या, त्या बायकांची नावं तरी आपण वहीत लिहून ठेवू.

तुमच्या वहीत काय काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. भेटूच पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.