चॅपेल हिलच्या मुली आणि एक कायदा

अमेरिकेतल्या महिला फुटबॉलचा इतिहास सांगताना सुरुवात मुंबईपासून करावी लागते, हे ऐकून नवल वाटेल. पण या इतिहासातले नामवंत प्रशिक्षक अँसन डोरन्स 1951 साली जन्मले ते मुंबईत. वडील तेलाच्या धंद्यात, त्यामुळे बिऱ्हाड कायम पाठीवर. भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम असे देश बदलत हा मुलगा वाढला आणि फुटबॉल अंगात भिनवूनच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकायला गेला. चॅपेल हिल नावाच्या छोट्या गावातलं हे विद्यापीठ. पुढे याच गावातल्या मुलींच्या संघाने जे केलं, त्याला जगाच्या विद्यापीठीय खेळांत फारशी तोड नाही.

या यशाचं सगळं श्रेय एका प्रशिक्षकाला देण्याची घाई मात्र करू नये. त्याच्याही आधी वॉशिंग्टनमध्ये एक कायदा झाला होता.

23 जून 1972 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यावर सही केली. त्यातलं नववं प्रकरण ‘टायटल नाइन’ म्हणून प्रसिद्ध आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेदभाव चालणार नाही, एवढंच ते सांगतं. त्याच्या मूळ 37 शब्दांत खेळाचा साधा उल्लेखही नाही. पण विद्यापीठांच्या क्रीडा विभागांना घाम फुटला तो याच शब्दांनी. त्या काळी साऱ्या अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांत फुटबॉल खेळणाऱ्या मुली होत्या जेमतेम 700. पुढे या कायद्याचे खेळांसाठीचे नियम ठरले आणि ते पाळायला विद्यापीठांना 1978 पर्यंतची मुदत मिळाली. पैसा, मैदान, प्रशिक्षक यांत मुलींचा वाटा कुठे आहे, हा प्रश्न आता कायद्याचा झाला.

चॅपेल हिलच्या मुली तेव्हा आपापल्या हौसेने क्लब चालवत होत्या. आम्हाला विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून मान्यता द्या, अशी मागणी त्यांनी लावून धरली. क्रीडा संचालक बिल कोबी यांनी डोरन्सना त्यांचा खेळ बघायला सांगितलं. डोरन्स 1977 पासून मुलांच्या संघाला शिकवत होते आणि जोडीने वकिलीचं शिक्षणही चाललं होतं. त्यांचं मत अनुकूल पडलं. कोबींनी मुलींचा संघही त्यांच्याच गळ्यात घातला आणि वकिली अर्धवटच राहिली. साल होतं 1979.

संघ झाला, पण खेळायचं कुणाशी? मुलींचे अधिकृत संघ बाळगणारी विद्यापीठं बोटांवर मोजण्याइतकी. 1981 मध्ये महिलांच्या आंतरविद्यापीठ क्रीडा संघटनेने पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली, तीही चॅपेल हिललाच. नॉर्थ कॅरोलायनाने अंतिम सामन्यात सेंट्रल फ्लोरिडाला 1-0 हरवलं. पुढच्याच वर्षी एनसीएए या बलाढ्य संघटनेने स्पर्धा हाती घेतली. तिच्यात संघ किती? अवघे बारा. विजेते पुन्हा तेच.

मग विजेतेपदांची रांगच लागली. 1982 ते 1984 सलग तीन. 1985 च्या अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाने अडवलं. त्यानंतर 1986 ते 1994 सलग नऊ! मधल्या काळात 103 सामने हा संघ हरलाच नाही. ही मालिका 1990 मध्ये कनेटिकटने जादा वेळेत 3-2 अशी तोडली. मिया हॅम ही जगभर गाजलेली खेळाडू विद्यापीठाकडून 95 सामने खेळली. त्यांतला तिचा एकमेव पराभव हाच.

दुसऱ्यांच्या आधी सुरुवात केल्याचा फायदा होताच, पण आळसावलेल्या संघाला तो पुरला नसता. विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवत. डोरन्सनी ती पद्धत उचलली आणि तिला धार लावली. धावणं, चेंडू हिसकावणं, एकास एक झुंज, गोलवर फटके मारणं, सगळ्याला गुण. क्रमवारी लिहून सर्वांना दिसेल अशी लावायची. मैत्रिणींशी इतक्या उघडपणे चढाओढ करायची सवय मुलींना समाजाने लावलेली नसते, ती सरावातच लावायची, असं डोरन्सचं म्हणणं. एरवी गळ्यात पडणाऱ्या मैत्रिणीला सरावात पाडायचं आणि नंतर दोघींनी मिळून जेवायला जायचं!

या भट्टीतून निघालेल्या मुलींनीच अमेरिकेचा राष्ट्रीय संघ उभा केला. 1986 पासून राष्ट्रीय संघाची सूत्रंही डोरन्सकडे होती. 1991 मध्ये चीनमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा अमेरिकेच्या 18 जणींपैकी नऊ जणी चॅपेल हिलच्या होत्या. कर्णधार एप्रिल हाइनरिक्स त्यांच्यातलीच. क्रिस्टीन लिली तर पुढे देशासाठी 354 सामने खेळली. ग्वांगझूमधल्या अंतिम सामन्यात नॉर्वेविरुद्धचे दोन्ही गोल मात्र मिशेल एकर्सचे होते, आणि ती सेंट्रल फ्लोरिडाची, म्हणजे चॅपेल हिलच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांकडची.

एवढी घवघवीत सत्ता एकाच संघाकडे राहते, तेव्हा त्याच्या थोरवीइतकाच समोरच्या मैदानाचा रितेपणाही त्यात दिसतो. ते मैदान भरत गेलं, तेही टायटल नाइनमुळेच. अमेरिकन फुटबॉलसाठी मुलांना 85 शिष्यवृत्त्या देणाऱ्या मोठ्या विद्यापीठांना मुलींचं पारडं भरायचं होतं. सॉकरच्या, म्हणजे आपल्या फुटबॉलच्या, संघात वीस-पंचवीस मुली सहज मावतात. त्यामुळे नव्वदच्या दशकात संघांचं पीक आलं. 1995 मध्ये नोत्र दामने उपांत्य सामन्यातच चॅपेल हिलला हरवलं. फ्लोरिडाने 1995 मध्ये संघ काढला आणि चौथ्याच हंगामात, 1998 च्या अंतिम सामन्यात, चॅपेल हिलला 1-0 हरवलं. 2001 पासून राष्ट्रीय स्पर्धेत 64 संघ उतरू लागले.

त्याच 1998 साली या इतिहासातलं काळं पान उघडलं. दोन माजी खेळाडूंनी डोरन्स आणि विद्यापीठावर खटला भरला. सरावाच्या वेळी प्रशिक्षक मुलींच्या खाजगी, लैंगिक आयुष्याबद्दल नको ते बोलत, हा मुख्य आरोप. डोरन्सनी छळाचा आरोप नाकारला. एकीशी 2004 मध्ये तडजोड झाली. दुसरीचा दावा आधी फेटाळला गेला. पण 2007 मध्ये वरच्या न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो पुन्हा जिवंत केला, आणि कशाच्या आधारे? टायटल नाइनच्याच. 2008 मध्ये 3 लाख 85 हजार डॉलरची तडजोड झाली. अशा बोलण्यात भाग घेणं गैर होतं, असं मान्य करून डोरन्सनी लेखी माफी मागितली. ज्या कायद्याने मुलींना मैदान मिळवून दिलं, त्याच कायद्याने मैदानावरच्या सत्तेलाही जाब विचारला. विजेतेपदांच्या यादीबरोबर हा खटलाही सांगितला, तरच हा इतिहास पुरा होतो.

विजय थांबले नाहीत, विरळ झाले. 2012 मध्ये एकविसावं एनसीएए विजेतेपद आलं आणि पुढे अकरा हंगाम करंडक स्टॅनफर्ड, फ्लोरिडा स्टेट, यूसीएलए अशा इतर संघांकडे फिरत राहिला. तरी चॅपेल हिलची ओढ टिकून होती. 2022 मध्ये युरोपचं अजिंक्यपद जिंकणाऱ्या इंग्लंडच्या लुसी ब्रॉन्झ आणि अलेसिया रुसो याच विद्यापीठात खेळून गेलेल्या. विद्यापीठाचं जुनं फेत्झर मैदान पाडून नवं बांधलं गेलं, त्याला डोरन्स यांचं नाव मिळालं.

ऑगस्ट 2024 मध्ये, हंगाम तोंडावर असताना, डोरन्स निवृत्त झाले. सहायक डेमन नहास यांच्याकडे संघ तात्पुरता आला आणि त्याच हंगामात त्यांनी बाविसावं एनसीएए विजेतेपद आणलं. अंतिम सामना केरी गावी, चॅपेल हिलपासून फार दूर नाही. निकाल 1-0, पहिल्या राष्ट्रीय अंतिम सामन्यासारखाच. पण त्या वर्षी उपांत्य फेरीत पोहोचलेल्या चार संघांपैकी तीन नॉर्थ कॅरोलायना राज्यातलेच होते. चॅपेल हिलने उपांत्य सामन्यात हरवलं ते शेजारच्या ड्यूकला. आणि अंतिम सामन्यात समोर उभं होतं वेक फॉरेस्ट, प्रथमच तिथवर आलेलं.